डेटाबेस युजर ग्रुपने वर्षभर करायचं तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा: एका प्रादेशिक डेटाबेस युजर ग्रुपची सूत्रं नुकतीच हाती आली आहेत. सुरुवातीला खोली भरायची. आता विद्यार्थी आणि वेंडरकडची विक्रीची माणसं सोडली तर कोणी फिरकत नाही. दर महिन्याला वक्ता धुंडाळणं एवढंच काम उरलंय. उपक्रम कोणते घ्यावेत, आणि ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल अशी वेगवेगळी डेटाबेस उत्पादनं वापरणारे सगळे एकत्र ठेवावेत की वेगळे करावेत?

आधी वक्ता शोधणं बंद करा. कायमचं नाही, पण निदान काही महिने. ‘नव्या व्हर्जनमध्ये काय काय आलं’ या विषयावरचं तासाभराचं सेशन आज कुणालाही घरबसल्या मिळतं, तेही ते फीचर ज्याने लिहिलं त्याच्याच तोंडून, आणि दीडपट वेगाने ऐकता येतं. दिवसभर तिकिटं उपसून आणि रात्रीच्या ऑन-कॉलची धास्ती डोक्यात ठेवून जो डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) संध्याकाळी तुमच्या खोलीपर्यंत येतो, तो स्लाइड बघायला येत नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. एक, दुसऱ्याचं प्रॉडक्शन (रोजच्या वापरातली खरी सिस्टिम) कसं बसलं हे ज्याच्यावर बेतलं त्याच्याकडून ऐकणं, आणि मध्येच तोडून त्याला प्रश्न विचारता येणं. दुसरी, स्वतःचं अडलेलं काम चार जाणत्यांच्या नजरेखालून घालणं. उपक्रम कुठलाही असो, त्यात या दोहोंपैकी एक तरी आहे का ते बघा. नसेल तर गाळा.

यात नवं काही नाही. संगणक वापरणाऱ्यांचा सर्वांत जुना गट मानला जाणारा ‘शेअर’ १९५५ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात उभा राहिला, तो आयबीएम ७०४ हे यंत्र घेणाऱ्यांनी उभा केला. प्रत्येक कंपनीतले लोक तीच ती रूटीन्स (प्रोग्रामचे छोटे तुकडे) स्वतंत्रपणे लिहीत बसले होते. त्यांनी ती एकमेकांना द्यायला सुरुवात केली, आणि मग आयबीएमकडे काही मागायचं असेल तर तेही एकत्र मागायला लागले. पुढे डीबी२ हा आयबीएमचा डेटाबेस वापरणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय गट १९८८ साली आला, ओरॅकलवाल्यांचे आले, एसक्यूएल सर्व्हरवाल्यांचे आले. ज्या गटांत ही देवाणघेवाण चालू राहिली तिथे माणसं टिकली. व्याख्यानमाला झाली की पांगली.

सगळ्यात कमी खर्चाचा आणि माणसं हमखास परत आणणारा उपक्रम म्हणजे प्लॅन-वाचन. एका सभासदाने आपली हळू चालणारी क्वेरी आणि तिचा एक्झिक्युशन प्लॅन (ती क्वेरी डेटाबेस कोणत्या पायऱ्यांनी चालवतो त्याचा आराखडा) आणायचा, पडद्यावर लावायचा, आणि सगळ्यांनी मिळून तो वाचायचा. उत्तर माहीत असेल तर आणणाऱ्याने ते आधी सांगायचं नाही. माहीत नसेल तर आणखी चांगलं.

एक नमुना जरा सविस्तर देतो, कारण या जातीची क्वेरी कुठल्याही गटात आज ना उद्या येतेच. पोस्टग्रेसमध्ये ऑर्डरचं टेबल आहे, ५० लाख रो (ओळी). व्हेअरमध्ये, म्हणजे रो गाळण्याच्या भागात, तीन अटी: राज्य, शहर, पिनकोड. त्या राज्यात एकूण १० टक्के ऑर्डर, त्या शहरात २ टक्के, त्या पिनकोडमध्ये ०.१ टक्का. पिनकोड ठरला की शहर आणि राज्य आपोआप ठरतं, म्हणजे खरे रो ५,०००. पण प्लॅनरला, म्हणजे प्लॅन ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, हे नातं ठाऊक नसतं. तो तिन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरून शक्यतांचा गुणाकार करतो, आणि त्याच्या हिशेबाने उत्तर येतं १० रो. दहाच रो म्हटल्यावर तो वर नेस्टेड लूप टाकतो (सापडलेल्या प्रत्येक रोसाठी दुसऱ्या टेबलात एक फेरी), आणि आतल्या बाजूला डिलिव्हरीच्या अवाढव्य टेबलवर इंडेक्स स्कॅन, म्हणजे सूचीतून शोध. एका फेरीला ३० मिलिसेकंद, कारण पानं डिस्कवर विखुरलेली आहेत. दहा फेऱ्यांना ०.३ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात ५,००० फेऱ्या होतात आणि क्वेरी अडीच मिनिटं घेते.

हे पडद्यावर आल्यावर खोलीत काय होतं ते बघण्यासारखं असतं. पहिला म्हणतो, ‘ॲनालाइझ चालवा’, म्हणजे डेटाची आकडेवारी ताजी करा. चालवून दाखवा. काही फरक पडत नाही, कारण प्रत्येक कॉलमची आकडेवारी बरोबरच आहे, चूक गुणाकारात आहे. दुसरा म्हणतो, तिन्ही कॉलमवर मिळून इंडेक्स टाका. टाका, ऑर्डर लवकर सापडतात, पण अंदाज दहाचा दहाच राहतो आणि नेस्टेड लूप जागचा हलत नाही. एखादा नवखा विचारतो, प्लॅनमधल्या आतल्या नोडसमोर (पायरीसमोर) तर फक्त ३० मिलिसेकंद लिहिलेत, मग वेळ गेला कुठे? हा प्रश्न आला की संध्याकाळ सार्थकी लागली म्हणायची. एक्सप्लेन ॲनालाइझ या (क्वेरी चालवून प्लॅन दाखवणाऱ्या) आदेशातला ‘ॲक्च्युअल टाइम’ हा एका फेरीचा सरासरी वेळ असतो, त्याला लूप्सच्या आकड्याने गुणावं लागतं. वर्षानुवर्षं प्लॅन बघणाऱ्या लोकांच्याही नजरेतून हे निसटलेलं असतं.

मग मागून कुणीतरी ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ काढतो. पोस्टग्रेस १० मध्ये, म्हणजे २०१७ साली, ही सोय आली: या कॉलमचं एकमेकांशी नातं आहे, ते मोजून ठेव, असं डेटाबेसला सांगता येतं. ते करून परत ॲनालाइझ चालवलं की अंदाज पाच हजारांच्या जवळ येतो आणि प्लॅनर आपणहून हॅश जॉइनकडे वळतो, म्हणजे रोगणिक फेऱ्या न मारता दोन्ही टेबलं एकदाच जुळवतो. या सोयीतला ‘डिपेन्डन्सीज’ हा प्रकार बरोबरच्या चिन्हाच्या अटींना लागू पडतो, ‘पेक्षा जास्त’ किंवा ‘लाइक’ला नाही. तेही तिथल्या तिथे करून दाखवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. हाच प्रकार एसक्यूएल सर्व्हरवाल्यासमोर ठेवला तर तो सांगेल की २०१४ च्या आवृत्तीपासून त्यांचा अंदाजक सरळ गुणाकार करत नाही. सर्वांत निवडक अट पूर्ण धरतो, पुढची अट वर्गमुळाने सौम्य करतो, तिसरी चतुर्थमुळाने. आपल्या आकड्यांवर तो हिशेब फळ्यावर मांडला तर उत्तर येतं सुमारे ४००. पाच हजारांपासून दूरच, पण दहापेक्षा कितीतरी बरं. मायएसक्यूएलवाला म्हणेल, तिन्ही कॉलमवरचा इंडेक्स असता तर आमचा ऑप्टिमायझर थेट इंडेक्समध्ये डोकावून रो किती ते अजमावतो. एकाच प्रश्नावर तीन इंजिनांची तीन वेगळी धोरणं, आणि तिन्हींमागे आपापली कारणं. एकाच उत्पादनाच्या गटात ही चर्चा होणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्रदेश मोठा आणि सभासद शेकड्यांनी असतील तर वेगळे गट करा, तुमच्यासारख्या वीस-पंचवीस जणांच्या गटाचे तुकडे मुळीच करू नका.

या उपक्रमात एक काळजी मात्र घ्यावीच लागते. क्वेरीतले टेबलांची नावं बदलून आणली तरी प्लॅनमध्ये अटींमधली खरी मूल्यं तशीच दिसतात: ग्राहकाचा फोन, खातेक्रमांक, ईमेल. एसक्यूएल सर्व्हरच्या प्लॅनच्या एक्सएमएल फाइलमध्ये तर पॅरामीटरची कंपाइल होतानाची मूल्यंही जपलेली असतात. फाइल आणणाऱ्याने ती आधी एडिटरमध्ये उघडून झाडून घ्यायची, हा नियम पहिल्याच बैठकीत सांगा. ज्यांना कामावरचं काहीच बाहेर आणता येत नाही (बँकांतल्या मंडळींची हीच अडचण असते) त्यांनी सर्वांना मिळणाऱ्या नमुना डेटाबेसवर तोच प्रश्न पुन्हा उभा करून आणायचा. मायएसक्यूएलचा सकिला, त्याचं पोस्टग्रेस रूप पॅगिला, मायक्रोसॉफ्टचा ॲडव्हेंचरवर्क्स आहेतच. मोठा आणि खऱ्यासारखा वेडावाकडा डेटा हवा असेल तर स्टॅक ओव्हरफ्लोचा सार्वजनिक डेटा घ्या. गंमत अशी की प्रश्न असा नव्याने उभा करतानाच अर्ध्या लोकांना आपलं उत्तर सापडतं.

दुसरा उपक्रम तिमाहीला एकदा पुरे, कारण त्याला तयारी लागते: रिस्टोअरचा, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्याचा सराव. बॅकअप सगळेच घेतात. रिस्टोअर करून पाहिलेलं फार थोड्यांनी असतं, आणि घड्याळ लावून केलेलं त्याहून थोड्यांनी. तीन-तीन जणांच्या टोळ्या करा. प्रत्येक टोळीला एक रिकामं व्हर्च्युअल मशीन, एक बेस बॅकअप, वॅल फाइल्सचा (पोस्टग्रेस प्रत्येक बदल ज्यांत नोंदतो त्या फाइल्सचा) अर्काइव्ह आणि एक चिठ्ठी द्या: ‘दुपारी २ वाजून १७ मिनिटांनी कुणीतरी व्हेअर न लावता डिलीट मारला. त्याच्या आधीच्या क्षणापर्यंत डेटा परत आणा आणि शेवटचा ऑर्डर क्रमांक सांगा.’ बाकी एकही सूचना नाही. घड्याळ सुरू.

यात खड्डे मुद्दाम खणून ठेवायचे. चिठ्ठीतली वेळ स्थानिक, सर्व्हर मात्र यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर). रिकव्हरी टार्गेट टाइम, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत यायचं ते, लिहिताना ज्याने टाइमझोन लावला नाही, त्याची टोळी भलत्याच वेळेकडे धावत सुटते. वॅल तिथवर पोचतच नसेल तर पोस्टग्रेस १३ पासून स्पष्ट एरर मिळतो. त्याआधीच्या आवृत्त्या मुकाट्याने असेल तिथवर जाऊन उघडायच्या, म्हणजे डिलीट परत जसाच्या तसा लागलेला. दुसरा खड्डा: ठरलेल्या क्षणी पोचल्यावर पोस्टग्रेस आपणहून थांबून राहतो, फक्त वाचू देतो. बरेच जण इथे ‘अडकलं, अडकलं’ म्हणून सर्व्हर बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. खरं तर तो थांबा सोयीसाठी आहे. बघा, डेटा बरोबर आहे का खात्री करा, मग पुढे सोडा. तिसरा खड्डा एका टोळीला फक्त पीजी-डंप (पोस्टग्रेसच्या त्या नावाच्या साधनाने काढलेली डेटाबेसची प्रत) देऊन खणता येतो: एका डेटाबेसच्या डंपमध्ये रोल, म्हणजे युजर खाती, येत नाहीत, त्यामुळे डेटा परत येतो पण ॲप्लिकेशनला लॉगिनच करता येत नाही. आणि त्या डंपमधून २ वाजून १७ मिनिटांपर्यंत येताच येत नाही, डंप जेव्हा घेतला त्याच वेळेला येता येतं, हे त्या टोळीला कळायला किती वेळ लागतो तेही टिपा.

एसक्यूएल सर्व्हरच्या टोळीसाठी वेगळे खड्डे आहेत. फुल बॅकअप रिस्टोअर करताना ‘नो-रिकव्हरी’ लिहायचं राहिलं की डेटाबेस उघडतो आणि त्यावर पुढचे लॉग चढत नाहीत. पुन्हा फुल बॅकअपपासून सुरुवात. टीडीई (डिस्कवरचा डेटा कूटबद्ध ठेवण्याची सोय) लावलेल्या डेटाबेसचा बॅकअप दिला आणि सर्टिफिकेट दिलं नाही, तर तो बॅकअप नसल्यातच जमा. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. तरी आपल्या ऑफिसात ते सर्टिफिकेट नेमकं कुठे ठेवलंय, असं विचारलं की खोलीत चुळबुळ सुरू होते. दुसऱ्या दिवशी निदान दोघे-तिघे ते शोधायला लागतात, आणि सरावाचा खरा फायदा तिथे होतो.

टोळ्यांना लागलेला वेळ फळ्यावर लिहा. शेजारी प्रत्येकाने आपल्या ऑफिसात वरिष्ठांना किती वेळेत सिस्टिम परत उभी करू असं सांगितलंय, तो आकडा स्वतःपुरता आठवायचा. लिहायला लावू नका, लोक लाजतात.

तिसरा उपक्रम हा गटाचा खरा कणा, पण घाईने सुरू केला तर फसतो: बिघाडाच्या हकिगती. सभासदाने उठून आपलं प्रॉडक्शन कसं झोपलं ते सांगायचं. पहिल्याच महिन्यात अशी मागणी केलीत तर कुणी उठणार नाही. म्हणून आधी जाहीर झालेल्या हकिगती वाचायला घ्या. गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची घटना याला उत्तम. रेप्लिकेशन (दुय्यम सर्व्हरवर डेटाची प्रत चालू ठेवणं) मागे पडलं होतं, ते दुरुस्त करताना दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवली गेली. सुमारे ३०० जीबींपैकी थांबवेपर्यंत साडेचारेक जीबी उरले. मग एकेक बॅकअप तपासायला घेतला. पीजी-डंप ९.२ चा, सर्व्हर ९.६ चा, म्हणून डंप कधीपासून अपयशी होत होता. अपयशाचे ईमेल जात होते, पण त्यांना डीमार्क (ईमेल खरा कुणाचा ते तपासण्याची व्यवस्था) लावलेलं नसल्यामुळे ते नाकारले जात होते. पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. शेवटी एका इंजिनिअरने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला डिस्क स्नॅपशॉट कामी आला, आणि त्या सहा तासांतला डेटा गेला. त्यांनी हे सगळं, अगदी दुरुस्ती चालू असताना, जगासमोर उघडं ठेवलं.

ही हकिगत वाचताना मध्ये थांबत जा. डंप अपयशी होत होता हे कळतं तिथे थांबा आणि विचारा: तुमच्याकडे बॅकअपच्या अपयशाचा निरोप कुठे जातो, आणि तो निरोपच बंद पडला तर कोणाला कळेल? बोलायला सुरुवात इथून होते. दुसरी वाचण्यासारखी म्हणजे सेंट्री या कंपनीची २०१५ ची हकिगत: पोस्टग्रेसचा ट्रान्झॅक्शन आयडी (प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक) ३२ बिटांचा असतो, व्हॅक्यूम (जुन्या रोंची साफसफाई) मागे पडला की साधारण दोन अब्जांच्या अंतरावर डेटाबेस नवं लिखाण नाकारतो. अशा दोन-तीन झाल्या की एखादा सभासद आपणहून म्हणतो, ‘आमच्याकडे याच्यासारखंच झालं होतं.’ त्याला पुढच्या महिन्याची तारीख द्या.

तेव्हा गुप्ततेचा नियम आधी ठरलेला हवा. १९२७ पासून चालत आलेला चॅटम हाउसचा नियम इथे नेमका बसतो: ऐकलेली माहिती वापरा, पण कोण बोललं आणि कुठल्या संस्थेचं होतं हे बाहेर सांगायचं नाही. या बैठकीचं रेकॉर्डिंग नाही, फोटो नाहीत, विक्रीची माणसं नाहीत. शेवटच्या अटीवर कुरबुर होते. होऊ द्या. आपली सिस्टिम कशी कोसळली हे ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्यासमोर कुणीही बोलत नाही. आणखी एक: हकिगत सांगणाऱ्याला ‘मग तुम्ही हे का नाही केलंत?’ असा प्रश्न आला की अध्यक्षाने तिथेच तोडायचं. ‘त्या वेळी तुम्हाला पडद्यावर काय दिसत होतं?’ असं विचारायला शिकवा. पहिल्या प्रश्नाने माणूस गप्प होतो, दुसऱ्याने खरी माहिती बाहेर येते.

अपग्रेडचा हंगाम हा चौथा विषय. त्याला वेगळा उपक्रम म्हणायची गरज नाही. एखाद्या आवृत्तीचा आधार (तिच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत) संपत आला की तीच बैठक. मायएसक्यूएल ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा ज्या गटांनी आधी उडी मारलेल्यांना समोर बसवून बाकीच्यांना प्रश्न विचारू दिले, त्यांच्या सभासदांचे बरेच हाल वाचले. इथे डेटाबेसच्या बाहेरचे घोळ जास्त उपयोगी पडतात. सगळ्यात चांगलं उदाहरण ऑपरेटिंग सिस्टिमचं: ग्लिबसी या लिनक्समधल्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. पोस्टग्रेस तेच, डेटा तोच, फक्त खालचं लिनक्स डेबियन ९ चं १० झालं, आणि टेक्स्ट कॉलमवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले राहिले. परिणाम काय, तर असलेला रो इंडेक्समधून सापडत नाही आणि युनिक कॉलममध्ये एकच मूल्य दोनदा बसतं. कुठेही एरर नाही. दोन कंटेनर (वेगवेगळ्या लिनक्सची छोटी, वेगळी ठेवलेली रूपं) घेऊन हे वीस मिनिटांत करून दाखवता येतं. साधी युक्ती: हायफन असलेले आणि नसलेले शब्द दोन्हीकडे सॉर्ट करून शेजारी-शेजारी ठेवा. लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आपल्या रेप्लिकाचं (दुय्यम प्रतीच्या सर्व्हरचं) लिनक्स कुठलं आहे ते बघतात, कारण मुख्य आणि रेप्लिका यांची ग्लिबसी वेगळी असली तरी हाच घोळ होतो.

एकत्र आवाज उठवण्याचं काम अजूनही शिल्लक आहे, फक्त रूप बदललंय. पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येते आणि पहिली बीटा (चाचणीसाठीची आवृत्ती) त्याआधी काही महिने, बहुधा मे महिन्यात. या मधल्या काळात गटाने एक शनिवार धरून आपापला लोड बीटावर चालवावा आणि जे मोडेल ते नीट लिहून बग म्हणून पाठवावं. नीट लिहून म्हणजे कोऱ्या डेटाबेसवर कुणालाही तीन मिनिटांत तोच एरर दिसेल असं. ते लिहिणं हीच नव्या सभासदांसाठी फार चांगली शिकवणी असते. व्यापारी उत्पादनांच्या बाबतीत पाच कंपन्यांनी एकच बग क्रमांक लावून सपोर्टकडे पाठपुरावा केला, तर एकट्यादुकट्याच्या तिकिटापेक्षा तो लवकर हलतो.

आता वेंडर. त्यांना हाकलू नका, खोली आणि खर्च बहुतेक वेळा तेच देतात. पण तीन गोष्टी हातच्या सोडू नका: सभासदांची यादी त्यांना द्यायची नाही, विषय गटाने ठरवायचा, आणि बोलायला विक्रीतला नाही तर सपोर्टमधला किंवा डेव्हलपमेंटमधला माणूस मागायचा. सपोर्टमधला माणूस सोन्यासारखा असतो; ग्राहक नेमकं कुठे पडतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आणि ‘ओरॅकल विरुद्ध पोस्टग्रेस, कोण वेगवान’ अशी जाहीर शर्यत लावण्याचा मोह आवरा. डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात केलेले डेटाबेसच्या वेगाचे मोजमाप १९८३ साली प्रसिद्ध झालं. त्यात ओरॅकलची कामगिरी चांगली नव्हती. तेव्हापासून ओरॅकलच्या परवान्यात, आणि पुढे एसक्यूएल सर्व्हरसह इतर अनेकांच्या परवान्यांत, कंपनीच्या संमतीशिवाय बेंचमार्कचे निकाल प्रसिद्ध करायला मनाई करणारं कलम आलं. त्याला डेविट कलमच म्हणतात. खोलीत बसून आपापल्या ट्युनिंगबद्दल बोलणं वेगळं, आणि आकड्यांचा तक्ता करून गटाच्या नावाने प्रसिद्ध करणं वेगळं. असा तक्ता प्रसिद्ध केला तर परवाना ज्याच्या कंपनीचा, त्या सभासदाची नोकरी अडचणीत येते. शिवाय दोन इंजिनं सारखी ट्युन केली आहेत हे सिद्ध करता करता महिना जातो आणि शेवटी कुणाचंच समाधान होत नाही.

मोठा वार्षिक कार्यक्रम घ्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सहा महिन्यांत कुणीतरी काढेलच. घ्यायचा तर एसक्यूएल सॅटर्डे या एक दिवसाच्या स्थानिक मेळाव्यांचा नमुना बघा. २००७ साली ऑरलँडोत पहिला झाला: एक शनिवार, जवळपासचे वक्ते, प्रवेश मोफत, प्रायोजकांकडून जागेपुरता खर्च. तो नमुना जगभर पसरला, कारण तो तोट्यात जाण्याइतका मोठा होतच नव्हता. याच्या उलट ज्या संस्थेच्या छत्राखाली तो बराच काळ चालला त्या ‘पास’चं बघा. १९९९ साली मायक्रोसॉफ्ट आणि कॉम्प्युटर असोसिएट्स यांच्या पुढाकाराने निघालेली एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची ही संस्था मुख्यतः एका वार्षिक परिषदेच्या उत्पन्नावर उभी होती. २०२० मध्ये महामारीमुळे प्रत्यक्ष परिषद होऊ शकली नाही, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी संस्थेने काम थांबवलं. स्थानिक गटांपैकी ज्यांची पानं, सभासदांच्या याद्या आणि जुनी सेशनं संस्थेच्याच सर्व्हरवर होती, त्यांची ती उतरवून घ्यायला धावपळ झाली. पुढे रेडगेट या सॉफ्टवेअर कंपनीने संस्थेची मालमत्ता घेतली आणि एसक्यूएल सॅटर्डे स्वतंत्र झालं.

डेटाबेसवाल्यांच्या गटाने स्वतःच्याच यादीचा बॅकअप ठेवू नये हे जरा जास्तच होईल. तेव्हा यादी साध्या सीएसव्हीत, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि कुठल्याही मीटअप सेवेच्या बाहेर ठेवा. डोमेनचं नाव एका माणसाच्या खाजगी खात्यावर नको. तो नोकरी बदलून दुसरीकडे गेला की नूतनीकरणाची आठवण कुणालाच राहत नाही.

विद्यार्थ्यांबद्दल तुमचा सूर तक्रारीचा वाटला. ती अडचण नाही, त्यांना काम दिलं की झालं. रिस्टोअरच्या सरावासाठी मशीन तयार करणं, प्लॅन-वाचनाची टिपणं काढणं, ग्लिबसीचे कंटेनर उभे करणं ही कामं त्यांच्याकडे द्या. यातूनच दोन वर्षांनी कुणी ज्युनिअर डीबीए म्हणून परत येतो. फक्त बिघाडाच्या हकिगतींच्या बैठकीला सरसकट सगळ्यांना बोलावू नका, तिथे काम करणारेच बसू द्या.

संख्येकडे बघून घाबरू नका. प्लॅन-वाचनाला दहा-बारा माणसं ही उत्तम संख्या आहे. तीसच्या वर गेली की मागच्या रांगेतले बोलतच नाहीत. पुढच्या बैठकीसाठी वक्ता शोधू नका. जे पूर्वी नियमित यायचे आणि आता येत नाहीत त्यांच्यापैकी चौघांना फोन करा. ‘या’ एवढंच म्हणू नका; ‘तुझ्याकडची सध्या सगळ्यात छळणारी क्वेरी घेऊन ये, मूल्यं झाडून’ असं सांगा. चौघांपैकी दोघे आणतील. दोन प्लॅनमध्ये एक संध्याकाळ आरामात निघते. पडद्याची जोडणी आणि अक्षरांचा आकार मात्र आधी जाऊन तपासा; लांबलचक प्लॅन बारीक अक्षरांत लावला की तिसऱ्या रांगेपासून मोबाइल बाहेर यायला लागतात.